हँडगार्ड निवडताना आधी गॅसचे माप

एआर-१५ जातीची रायफल खांद्याला लावली, की डावा तळहात ज्या भागावर टेकतो त्याला हँडगार्ड म्हणतात. गोळीबाराने तापलेली नळी आणि माणसाची कातडी यांच्यामधला हा आडपडदा होय. अमेरिकी लष्कराची एम-१६, तिचे आखूड रूप असलेली एम-४ कार्बाइन आणि अमेरिकेतील नागरिकांच्या घरोघरी पोहोचलेली अर्धस्वयंचलित एआर-१५ ही सगळी एकाच कुळातली शस्त्रे आहेत. या कुळाचे वैशिष्ट्य असे, की त्यातला जवळपास प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो. त्यातही सर्वाधिक उलाढाल हँडगार्डची, म्हणजेच ज्याला दुर्बीण, दिवा, लेसर वा पकडीची मूठ लावता येते अशा रेलची होते. ग्राहक रेल निवडतो ती बहुधा डोळ्यांनी. ती किती लांब दिसते, किती सडपातळ आहे, रंग कोणता, वजन किती, एवढेच पाहिले जाते. प्रत्यक्षात ती कोणती बसेल हे ठरवते ती रेलच्या आत दडलेली, बाहेरून न दिसणारी एक बारीक नळी आणि तिच्या पुढच्या टोकाला असलेला पोलादाचा छोटासा ठोकळा. हे माप चुकले तर सुदैवाने रेल बसतच नाही. दुर्दैवाने कधी कधी ती बसते आणि रायफल ऐनवेळी दगा देते.

वायूची वाट

काडतुसातली दारू पेटली की तयार होणारा वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीच्या वरच्या अंगाला एका ठराविक जागी बारीक छिद्र पाडलेले असते. गोळी ते छिद्र ओलांडून पुढे गेली, की मागच्या वायूचा थोडासा भाग त्यातून वर चढतो. छिद्रावर घट्ट बसवलेल्या ठोकळ्याला गॅस ब्लॉक म्हणतात. त्यातून वायू वळून पोलादाच्या बारीक नळीत, म्हणजे गॅस ट्यूबमध्ये शिरतो आणि नेमबाजाच्या दिशेने मागे धावतो. ट्यूबचे मागचे टोक रायफलीच्या वरच्या सांगाड्यात, अर्थात अपर रिसीव्हरमध्ये, उघडते. तिथे बोल्ट कॅरिअर नावाच्या सरकत्या भागाच्या माथ्यावरची पोकळ चावी या टोकावर टोपीसारखी बसलेली असते. वायू कॅरिअरच्या पोटात जातो, कॅरिअर मागे सरकतो, बोल्ट फिरून सुटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि परतीच्या वाटेवर नवे काडतूस नळीत सारले जाते.

ही रचना यूजीन स्टोनर या अभियंत्याची. तिच्या पेटंटसाठी अर्ज १९५६ मध्ये झाला आणि १९६० मध्ये ते मंजूर झाले. त्याआधीच्या बहुतेक स्वयंचलित रायफलींत नळीवर एक दट्ट्या आणि त्याचा दांडा मागेपुढे हलत असे. स्टोनर यांनी दांडा काढून टाकला आणि त्याच्या जागी पोकळ ट्यूब ठेवली. रायफल हलकी झाली, नळीवर हलणारे वजन उरले नाही आणि हँडगार्डच्या आत फारशी जागा लागेनाशी झाली. आजच्या सडपातळ रेलचे मूळ या एका निर्णयात आहे.

या रचनेत सारा खेळ वेळेचा असतो. गोळी छिद्रापासून नळीच्या तोंडापर्यंत जाते तेवढाच काळ ट्यूबमध्ये दाब टिकतो. गोळी बाहेर पडली की फुग्याला टाचणी लावल्यासारखा तो ओसरतो. हा काळ सेकंदाच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतका असतो. तेवढ्यात कॅरिअरला मिळणारा रेटा पुरेसा हवा; मात्र जास्तही नको. कमी पडला तर पुंगळी अर्धवट निघून अडकते. जास्त झाला तर दाब पुरता उतरण्याआधीच बोल्ट सुटू पाहतो, पुंगळीची कड फाटते आणि भाग लवकर झिजतात. साहजिकच छिद्र नळीवर नेमके कुठे आहे, याला सर्वाधिक महत्त्व येते.

चार मापे

एआर-१५ कुळात ही जागा चार ठिकाणी असते आणि तिच्यावरूनच गॅस प्रणालीला नावे पडली आहेत. सर्वांत आखूड प्रणाली पिस्तुल मापाची. तिचे छिद्र नळीच्या मागच्या टोकापासून साधारण ४ ते ५ इंचांवर असते आणि ती अगदी तोकड्या नळ्यांना वापरतात. कार्बाइन मापात हे अंतर सुमारे ७.८ इंच, मिड-लेंग्थ मापात सुमारे ९.८ इंच आणि मूळ रायफल मापात सुमारे १३.२ इंच. बोलण्यात मात्र ही मापे ७, ९ आणि १२ इंच अशी सांगितली जातात, कारण दुकानात विकल्या जाणाऱ्या हँडगार्डची लांबी ढोबळमानाने तेवढी असते. पहिल्यांदाच खरेदी करणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. एक आकडा छिद्राचा, दुसरा आवरणाचा, तर तिसरा ट्यूबचा! ट्यूबची लांबी कार्बाइनला ९.७५ इंच, मिड-लेंग्थला ११.७५ इंच आणि रायफलला १५ इंचांहून किंचित अधिक भरते, कारण तिचे मागचे टोक रिसीव्हरच्या आत शिरलेले असते. मागणी नोंदवताना इंचांपेक्षा प्रणालीचे नाव सांगणे केव्हाही शहाणपणाचे.

मूळ एम-१६ ची नळी २० इंचांची. छिद्र १३.२ इंचांवर असल्याने गोळीला तोंडापर्यंत जायला पुढे जवळपास ७ इंच उरतात. एम-४ ची नळी १४.५ इंचांची आणि छिद्र ७.८ इंचांवर, तिथेही पुढे ६.७ इंच उरतात. म्हणजे दाब टिकण्याचा काळ जवळपास सारखाच. पण छिद्र मागे सरकले की वायू तिथे अधिक तापलेला आणि अधिक दाबाचा मिळतो, हा फरक मात्र मिटत नाही. एम-४ जास्त तापते आणि तिचे भाग लवकर थकतात, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण.

नागरिकांच्या रायफलीत आणखी एक पेच येतो. अमेरिकेच्या १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्यानुसार १६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. परिणामी बाजारात १६ इंची नळीचा सुळसुळाट झाला. या नळीला कार्बाइन मापाची प्रणाली दिली, तर छिद्राच्या पुढे ८.२ इंच उरतात आणि दाब गरजेपेक्षा जास्त काळ टिकतो. तिलाच मिड-लेंग्थ दिली तर ६.२ इंच उरतात आणि रायफल मऊ चालते. मिड-लेंग्थचे माप लोकप्रिय झाले ते यामुळे. उलट टोकाला अमेरिकी नौदलाच्या विशेष दलांसाठी घडलेली एमके-१८ आहे. तिची नळी १०.३ इंच, छिद्र कार्बाइनच्याच जागी. पुढे उरतात जेमतेम अडीच इंच. तेवढ्या अल्प काळात पुरेसा वायू मिळावा म्हणून तिच्या छिद्राचा व्यास ०.०६२ वरून ०.०७० इंचांपर्यंत वाढवावा लागला. आठ सहस्रांश इंचांचा हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पण बंदूक चालणार की अडणार हे त्यावर ठरते.

व्हिएतनामचा धडा

गॅस प्रणाली किती हळवी असते हे अमेरिकी सैन्याला फार मोठी किंमत देऊन कळले. स्टोनर यांची रायफल ड्यूपाँट कंपनीच्या आयएमआर ४४७५ या दारूवर जुळवलेली होती. पुरवठ्याच्या अडचणीमुळे लष्कराने १९६४ मध्ये ऑलिन कंपनीच्या डब्ल्यूसी ८४६ या गोलकणी दारूला मान्यता दिली. या दारूने गोळीचा वेग अपेक्षेइतका मिळत होता, पण छिद्रापाशी पोहोचणारा दाब वाढला. बंदुकीच्या माराचा वेग नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला. त्या दारूत मिसळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची राळ ट्यूबमध्ये साचू लागली. त्यातच चेंबरला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता. दमट हवेत चेंबर गंजे आणि पुंगळी चिकटून बसे. ही रायफल साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला होता आणि साफसफाईची साधनेही पुरेशी दिली गेली नव्हती.

मे १९६७ मध्ये व्हिएतनाममधील एका मरीन सैनिकाने घरी लिहिलेले पत्र न्यू जर्सीतील एका वृत्तपत्रात छापून आले. मरण पावलेल्या साथीदारांच्या शेजारी त्यांच्या रायफली उघडलेल्या अवस्थेत सापडल्या, शेवटच्या क्षणी ते अडकलेली बंदूक दुरुस्त करू पाहत होते, असा त्याचा आशय होता. अमेरिकी काँग्रेसमध्ये गदारोळ झाला. मिसूरीचे प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी करून ऑक्टोबर १९६७ मध्ये अहवाल दिला आणि दारूच्या बदलावर कठोर ठपका ठेवला. दारूबाबत आपले मत विचारले गेले ते निर्णय झाल्यानंतर, असे स्टोनर यांनी समितीला सांगितले होते. पुढे चेंबरला क्रोमचा मुलामा मिळाला, मागचा बफर बदलला, दारूतील कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाण घटवले गेले आणि सैनिकांना साफसफाईचे शिक्षण मिळाले. तीच रायफल मग दशकानुदशके चालली.

त्या प्रकरणात हँडगार्डचा दोष काहीच नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. तरीही रेल निवडणाऱ्याने ते लक्षात ठेवावे असे आहे. नळी, छिद्र, ट्यूब, दारू आणि बफर यांचा एकमेकांशी जुळलेला ताल असतो. रेल बदलण्याच्या निमित्ताने त्यातल्या एकाला हात लागला, तर बाकीच्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

दोन तऱ्हा

हँडगार्ड बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत दोन अर्धुकांची. व्हिएतनामच्या काळात ती डावी-उजवी आणि त्रिकोणी आकाराची असत. एक फुटले तर त्याच बाजूचे दुसरे शोधावे लागे. १९८० च्या दशकातील एम-१६ए२ मध्ये वर-खालची गोल आणि एकमेकांच्या जागी चालणारी अर्धुके आली आणि कोठाराचा भार निम्म्याने हलका झाला. या अर्धुकांचे पुढचे टोक गॅस ब्लॉकच्या मागे असलेल्या पत्र्याच्या टोपीत अडकते आणि मागचे टोक स्प्रिंगने ताणलेल्या डेल्टा रिंग नावाच्या कड्यात बसते. कडे मागे ओढले की अर्धुके सुटतात. अवजार लागत नाही. प्लॅस्टिकच्या आवरणाच्या आत उष्णता परतवणारा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो.

इथे मापाला सूट नाही. टोपी आणि कडे यांच्यातले अंतर गॅस प्रणालीने ठरवून दिलेले असते. त्यात कार्बाइनला कार्बाइनचे, मिड-लेंग्थला मिड-लेंग्थचे आणि रायफलला रायफलचेच आवरण बसते. ओळखायची खूण सोपी आहे. मूळ रचनेत गॅस ब्लॉक आणि पुढची साइट, म्हणजे नेम धरायची माशी, हे दोन्ही एकाच त्रिकोणी मनोऱ्यात असतात. मनोरा जिथे उभा, तिथे गॅसचे छिद्र. रिसीव्हरच्या पुढच्या कडेपासून मनोऱ्याच्या टोपीपर्यंत मोजपट्टी धरली, की प्रणाली कोणती ते कळते.

दिसते तसेच असते असे मात्र नाही. डिसिपेटर नावाचा एक प्रकार आहे. त्यात १६ इंची नळीवर मनोरा रायफलच्या जागी, म्हणजे जवळपास तोंडाशी दिसतो आणि हँडगार्डही १२ इंची असतो. अनेक नमुन्यांत खरा गॅस ब्लॉक मात्र त्या आवरणाखाली, कार्बाइनच्या जागी लपलेला असतो. पुढचा मनोरा केवळ माशी धरण्यापुरता. अशी रायफल वापरलेल्या मालात विकत घेणाऱ्याने आवरण काढून पाहिल्याखेरीज ट्यूब मागवू नये.

दुसरी पद्धत फ्री-फ्लोट, म्हणजे अधांतरी रेलची. ही रेल नळीला पुढे कुठेही टेकत नाही. ती मागे बॅरल नटला, नळी रिसीव्हरला आवळणाऱ्या त्या मोठ्या नटला, धरून राहते. बायपॉडवर भार दिला, पट्टा ताणला किंवा भिंतीच्या कोपऱ्याला रायफल टेकवली, तरी नळीवर दाब येत नाही आणि गोळीची जागा हलत नाही. दूरच्या नेमबाजीत हा फरक कागदावर स्पष्ट उमटतो.

अधांतरी रेलमुळे निवडीचा प्रश्न उलटा झाला. पूर्वी गॅस प्रणाली हँडगार्डची लांबी ठरवी. आता रेल गॅस ब्लॉकच्या पुढेही नेता येते. अट एकच: उंच मनोरा वाटेत नको. त्याच्या जागी बुटका गॅस ब्लॉक हवा आणि तो रेलच्या पोटात मावला पाहिजे. मनोरा ठेवायचाच असेल तर एक तर प्रणालीच्या मापाची आखूड रेल घ्यावी, नाही तर मनोऱ्यासाठी वरून खिडकी कापलेली रेल शोधावी. १६ इंची मिड-लेंग्थ रायफलीला १२ ते १५ इंचांची रेल आणि बुटका ब्लॉक, हा आजचा रूढ मेळ. मनोऱ्याची माशी गेल्यावर रेलच्या पुढच्या टोकावर घडीची माशी बसवता येते. पण मग रेल जराही फिरता कामा नये, कारण ती फिरली की नेमही फिरला. लेसर लावणाऱ्यांनी तर रेलला रिसीव्हरशी जखडणारी खाच वा पत्ती आहे ना, हे आधी तपासावे.

बारीकसारीक, पण नडणारे

मनोरा काढून बुटका ब्लॉक बसवताना एक सूक्ष्म चूक सर्रास होते. मनोऱ्याच्या मागे, नळीच्या खांद्याला टेकून हँडगार्डची पत्र्याची टोपी असते. अधांतरी रेलला तिची गरज नसल्याने ती निघते आणि तिच्या जाडीइतकी, सुमारे ०.०३ इंचांची, फट उरते. नवा ब्लॉक खांद्याला भिडवून बसवला, तर काही बनावटीत त्याचे छिद्र नळीच्या छिद्रावर न येता तेवढे मागे राहते. वायूची वाट अर्धी बंद होते. रायफल काही वेळ चालते, मग थंडीत किंवा हलक्या काडतुसावर अडू लागते आणि दोष भलत्याच भागाला दिला जातो. मनोरा टोपीसह घडवलेल्या नळीवर बुटका ब्लॉक लावताना तेवढी फट राखावी लागते. ब्लॉक केवळ स्क्रूच्या भरवशावर न ठेवता नळीवर खळगी पाडून किंवा आरपार पिन घालून पक्का करणे बरे. कारण तो आता रेलच्या आत असतो आणि सैल झाला तरी दिसत नाही.

ब्लॉकचा आतला व्यास नळीच्या त्या जागेच्या व्यासाशी जुळावा लागतो. सर्वाधिक प्रचलित माप ०.७५० इंच, बारीक नळ्यांना ०.६२५ आणि जाड स्पर्धेच्या नळ्यांना ०.९३६ इंच. दुसरे माप ब्लॉकच्या उंचीचे. अलीकडच्या अतिसडपातळ रेलमध्ये काही ब्लॉक, विशेषतः वायूचे प्रमाण कमी-जास्त करणारे, आतून घासतात. घासला की रेल अधांतरी राहिली नाही; दुप्पट पैसे देऊन मिळवलेला फायदा तिथेच संपला. वायू नियंत्रित करणारा स्क्रू समोरून फिरवायचा की बाजूने, आणि रेल बसल्यावर तिथपर्यंत अवजार पोहोचेल का, हेही खरेदीपूर्वीच पाहायचे.

बॅरल नट आवळण्याचा जोर लष्करी पुस्तिकेत ३० ते ८० फूट-पाउंड असा दिलेला आहे. एवढा मोठा पल्ला ठेवण्यामागे कारण आहे. जुन्या नटच्या दात्यांमधून ट्यूब जाते. ३० वर घट्ट केल्यावर दातांमधली फट ट्यूबच्या रेषेत आली नाही, तर ती येईपर्यंत आणखी आवळावे लागते. कित्येक अधांतरी रेलच्या नटला दातच नसतात किंवा रेषा जुळवायला पातळ चकत्या दिलेल्या असतात. काहीही असो, ट्यूब वाकून बसता कामा नये. तपासणी सोपी आहे. रिकामा, बोल्ट काढलेला कॅरिअर रिसीव्हरमध्ये हलकेच पुढे सरकवायचा. त्याची चावी ट्यूबच्या टोकावर अडखळल्याविना बसली तर ट्यूब सरळ आहे. खरवडल्याचा आवाज आला, तर गोळीबाराच्या मैदानावर जाण्याआधी नट पुन्हा सोडावा.

रेल किती पुढे न्यावी यालाही मर्यादा आहे. नळीच्या तोंडावरील ज्वाला दडपणारे उपकरण रेलच्या आत गेले, तर तप्त वायू रेलवर आणि बोटांवर उलटतो. आवाज दाबणारा सप्रेसर लावायचा असेल, तर त्याचा व्यास रेलच्या आतल्या व्यासाहून लहान हवा किंवा रेल त्याच्या मागेच थांबायला हवी. सप्रेसरने गॅसचा मागे येणारा दाब वाढतो, म्हणून अशा रायफलीला नियंत्रित ब्लॉक लागण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत १४.५ इंची नळीला पुढचे उपकरण पिन घालून आणि डाग देऊन कायमचे जोडतात आणि एकूण लांबी १६ इंचांवर नेतात. अशा वेळी रेल आणि ब्लॉक आधी निवडावे लागतात. डाग एकदा दिला, की तोंडाकडून ब्लॉक काढण्याची वाट बंद. नंतर मत बदलले तर डाग कापण्यावाचून गत्यंतर नाही.

रेलवर उपकरणे अडकवण्याच्या पद्धतींविषयी पुष्कळ शाई सांडली आहे. गॅसच्या मानाने हा गौण विषय. न्यू जर्सीतील पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखली जाणारी दातेरी रेल १९९५ मध्ये लष्करी मानक झाली. तिच्या खाचा एकमेकींपासून १०.०१ मिलिमीटरवर असतात. चारही बाजूंना दाते असलेल्या रेल वजनदार आणि हाताला बोचऱ्या. २०१२ मध्ये कीमॉड आणि २०१४ मध्ये एम-लॉक या खाचांच्या पद्धती आल्या. हव्या त्या जागीच उपकरण लावायचे, बाकी पृष्ठभाग गुळगुळीत. २०१७ मध्ये अमेरिकी विशेष दलांनी चाचण्यांनंतर एम-लॉकला पसंती दिली आणि वाद बव्हंशी मिटला. ॲल्युमिनियमची सडपातळ रेल उष्णता प्लॅस्टिकपेक्षा पटकन हातापर्यंत आणते, एवढे मात्र स्मरणात असावे. कार्बाइन मापाच्या प्रणालीत ब्लॉक हाताच्या जवळ असतो, त्यामुळे तिथे हातमोजा ही चैन नव्हे.

याच विशेष दलांनी २०१८ च्या सुमारास एम-४ए१ चा वरचा भाग नव्याने घेतला, तेव्हा लांब एम-लॉक रेलसोबत १४.५ इंची नळीला मिड-लेंग्थ गॅस प्रणाली दिली. आवरण आणि वायूची वाट ही एकाच खरेदीची दोन अंगे आहेत, हे तिथे कागदोपत्री मान्य झाले.

दट्ट्याच्या रायफली आणि भारत

वरील सगळे विवेचन स्टोनर यांच्या दट्ट्याविरहित रचनेचे. याच आकाराच्या पण आत आखूड दट्ट्या असलेल्या रायफलीही आहेत. जर्मन एचके-४१६ आणि सिग-७१६ ही त्यांतली ठळक नावे. दट्ट्याला जागा लागते, म्हणून त्यांच्या रेल उंच असतात आणि त्या त्या कंपनीच्याच घ्याव्या लागतात. एआर-१५ ची रेल त्यांना बसत नाही. पुढे वायूचे नियंत्रण करणारा खटका असतो, तिथे बोट पोहोचले पाहिजे. ७.६२ मिमीच्या मोठ्या एआर-१० कुळात तर दट्ट्या नसूनही मापे सर्वमान्य नाहीत. नटचे आटे आणि रिसीव्हरची उंची उत्पादकागणिक बदलते.

भारतीय लष्कराने फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार केला आणि २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३,००० रायफलींचा. अमेठीजवळील कोरवा येथे एके-२०३ तयार होते. डिसेंबर २०२१ चा तो करार ६,०१,४२७ रायफलींचा आहे. एके कुळाचा हिशेब निराळा. तिथे वरचे हँडगार्ड वायूच्या नळीलाच जोडलेले असते. ती नळी खिळीने सुटी होते आणि तिच्या आत लांब दट्ट्या धावतो. त्या नळीवर बसवलेली दुर्बीण रायफल साफ करताना दर वेळी उतरते आणि नेम पुन्हा साधावा लागतो. म्हणून एकेमध्ये दुर्बिणीची रेल वरच्या झाकणावर किंवा बाजूला घेतात आणि पुढच्या आवरणावर दिवा वा मूठ यांवर समाधान मानतात. जुन्या इन्सासमध्येही दट्ट्या आणि वायू नियंत्रक असून तिचे आवरण त्याच बेताने घडवलेले आहे. भारतात लष्करी बोअरच्या अशा रायफली सर्वसाधारण नागरिकाला परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे इथे रेलची निवड हा दुकानाचा नव्हे, तर निविदेतील तांत्रिक अटींचा आणि पलटणीतील आर्मररचा विषय आहे.

आर्मरर नवी रेल बसवून झाल्यावर जी परीक्षा घेतात ती मात्र सगळीकडे एकसारखीच असते. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून ते उडवायचे. बोल्ट मागे सरकून तिथेच अडकून उभा राहिला, तर वायू पुरेसा पोहोचला. पाच-सहा वेळा, निरनिराळ्या काडतुसांवर हे करून पाहायचे. मग भरलेल्या मॅगझिनने बार काढून पुंगळ्या कुठे पडतात ते न्याहाळायचे. नळीचे तोंड घड्याळातल्या १२ वर मानले, तर ३ ते साडेचारच्या दिशेला पडणाऱ्या पुंगळ्या एआर-१५ मध्ये ठीक. १ वा २ कडे, म्हणजे पुढे, उडू लागल्या तर वायू जास्त होतो आहे. ५ कडे मागे रेंगाळल्या तर कमी पडतो आहे, आणि रेल उतरवून ब्लॉकचे छिद्र नळीच्या छिद्रावर आहे की नाही, हे सर्वप्रथम पाहायचे.